हेवीचं लायसन निघालं की मुलगा ट्रकवर जाऊ शकतो का?

तुम्ही विचारलंय, भाचा 20 वर्षांचा आहे, कारचं लायसन दीड वर्षापासून आहे, आता हेवी काढून रावेरहून केळीच्या ट्रकवर जायचं म्हणतो. महिनाभरात तयार होईल का?

लायसनपुरता होईल. ट्रान्सपोर्टच्या (मालाच्या, प्रवासी गाड्यांच्या) लायसनसाठी 20 वर्षं पूर्ण आणि कारचं लायसन किमान वर्षभर जुनं लागतं, ते त्याचं आहेच. डॉक्टरचं तब्येतीचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म 1-अ, आणि ड्रायव्हिंग स्कूलचं शिकल्याचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म 5 लागेल. जड वाहनाचं शिक्षण नियमाने किमान 30 दिवसांचं, आणि त्यात स्टेअरिंगवर किमान 15 तास. हे 15 तास मात्र तुम्ही स्वतः वहीत लिहून ठेवा. माझ्या वेळी रिकामा ट्रक, मोकळं मैदान आणि केबिनमध्ये आम्ही पाच पोरं. वाट्याला रोज दोन-तीन फेऱ्या यायच्या. सर्टिफिकेट मात्र वेळेवर मिळालं.

खरं शिक्षण झालं ते बिजासनी घाटात. सेंधव्याकडून भरलेली गाडी घेऊन शिरपूरकडे उतरत होतो, वस्ताद म्हणजे शिकवणारा जुना ड्रायव्हर शेजारी. उतार लागला तसा मी डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं, सगळेच करतात म्हणून. गाडी पळायला लागली, मी ब्रेक दाबत राहिलो. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; त्या हवेच्या मीटरचा काटा खाली यायला लागला आणि केबिनमध्ये ब्रेकच्या लायनिंगचा जळका वास. वस्ताद ओरडला नाही. "गाडी गिअरमाच ऱ्हाऊ दे, भाऊ," एवढंच म्हणाला आणि उतार थोडा सपाट झाल्यावर गिअर टाकून घेतला. पुढे रस्त्याच्या कडेला थांबवून चाकाजवळ हात न्यायला लावला. ब्रेकच्या ड्रमला हात लावायची गरजच नव्हती, वीतभर अंतरावरूनच चटका बसत होता.

रिकाम्या गाडीला हे कधीच कळत नाही. भरलेल्या गाडीला उतारावर इंजिनने धरायचं असतं, ब्रेक अधूनमधून. सतत दाबून ठेवला तर लायनिंग तापतं आणि पकडच सुटते. त्याच घाटाखाली पळासनेरजवळ जुलै 2023 मध्ये ब्रेक गेलेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला, किमान 10 माणसं गेली. तेव्हापासून मी तिथे चहाला थांबत नाही, कारण विचाराल तर सांगता येणार नाही.

म्हणून लायसननंतर सहा महिने तरी त्याला चांगल्या वस्तादाच्या शेजारी बसवा, भरलेल्या गाडीवर, आणि धुळे-सुरत रस्त्यावरच्या कोंडाईबारीसारख्या घाटात रात्रीचंही. पगार कमी मिळेल, घरचे कुरकुर करतील. पण केळी इतक्यात नकोच. माल पिकतो, दिल्लीचा व्यापारी दर तासाला फोन करतो, आणि नवा पोरगा झोप मारून ओढत राहतो. आधी धुळे-जळगाव-भुसावळ अशी जवळची भाडी.

पैसे आणि वेळ असेल तर सरकारमान्य ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर बघा. 2021 पासूनच्या नियमांप्रमाणे तिथे जड वाहनाचा कोर्स 6 आठवडे, 38 तासांचा असतो, आणि पास झाला तर आरटीओची वेगळी टेस्ट द्यावी लागत नाही.

बसचा विचार असेल तर प्रवासी गाडी चालवायचा बॅजही (आरटीओचा बिल्ला) काढावा लागेल. पण ते नंतर; आधी त्याला विचारा, भरलेला ट्रक त्याने एकदा तरी मागे घेतलाय का.