पोटाचा पट्टा लागत नाही, स्कूबा जमेल का?

प्रश्न: ताई, मी बडोद्याची, वजन ९८ किलो, तारकर्लीला स्कूबा शिकायचंय. इथे पूलमध्ये बीसीडी जॅकेट (हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळायचं) घातलं तर पोटाचा पट्टा लागेना, हवा भरल्यावर श्वासच कोंडला. नाद सोडू का?

उत्तर: अगं अजिबात नको, जॅकेटच लहान होतं! वजनाच्या आकड्यावर साइज घेऊ नकोस, वेटसूटवर (पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी सूट) घालून पूर्ण हवा भर आणि खोल श्वास घे, छाती आवळली तर मोठं माग. पाठीकडे हवा भरणारं मिळालं तर फारच छान, पोट-छाती मोकळी राहते, फक्त पाण्यावर तरंगताना ते थोडं पुढे, तोंडावर ढकलतं, तर जरा मागे रेलायचं. खांद्याचे पट्टे ओढून बघ, जॅकेट कानापर्यंत सरकायला नको. आणि चरबी तरंगते म्हणून खाली जायला अंगावर लावायचं शिसं जास्त लागू शकतं, ते इन्स्ट्रक्टरसमोर पाण्यातच ठरव. साइज आधीच फोनवर सांगून ठेव गं.