हॉरर सिनेमाच्या दुसऱ्या भागात इतक्या ढोबळ चुका कशा राहतात? सेटवर कुणाचंच लक्ष नसतं का?

लक्ष असतं हो. निदान एका माणसाचं तरी असतंच, त्याला तेवढ्याचसाठी उभं केलेलं असतं. एकदा तो माणूस मी होतो, आणि तुम्ही विचारताय त्या जातीच्या बऱ्याच चुका मी उघड्या डोळ्यांनी होऊ दिल्यात.

तुमच्या प्रश्नातलं उदाहरण 'हॅलोविन' या अमेरिकी हॉरर सिनेमाचं आहे. पहिल्या भागाच्या (१९७८) शेवटी डॉक्टर खुन्याला सहा गोळ्या घालतो. दुसरा भाग (१९८१) त्याच रात्री पुढे सुरू होतो, तो शेवटचा प्रसंग परत दाखवतात, आणि मोजल्या तर गोळ्या सात ऐकू येतात. वर तोच डॉक्टर 'मी त्याला सहा गोळ्या घातल्या' म्हणून ओरडत सुटतो. तुम्ही म्हणता, एवढा पैसा आणि एवढी माणसं असताना सातपर्यंत मोजता कसं येत नाही?

मोजता येतं. पण आधी 'त्याच रात्री पुढे' या तीन शब्दांकडे बघा. सगळं दुखणं तिथे आहे.

माझा नाशिकला लग्नाच्या फोटोंचा धंदा. काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी मिळून वीस मिनिटांची एक भुताची फिल्म केली. थोडी दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत, थोडी जुन्या नाशकातल्या एका पडक्या वाड्यात, ऐन जानेवारीत. लोकांना आवडली. मग आमच्या दिग्दर्शकानं, म्हणजे माझ्या वर्गमित्रानं, दुसरा भाग लिहायला घेतला आणि पहिलीच ओळ लिहिली: 'तीच रात्र. बाग.' मला म्हणाला, "पहिल्या भागाचे सगळे स्टिल्स तुझ्याकडेच आहेत, कंटिन्युइटी तूच बघ." कंटिन्युइटी म्हणजे आधीच्या शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतंय ना, ते बघणं. शूटिंगला तारीख मिळाली एप्रिलच्या शेवटी.

नाशिककर वाचत असतील तर त्यांना इथेच हसू आलं असेल. जानेवारीत बाग म्हणजे पानांनी झाकलेला मांडव आणि डोक्याला लागतील असे घड. माल निघून गेला की एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. आम्ही पोचलो तेव्हा छाटणीला आठवडाच झालेला. वर नुसत्या काड्या आणि तारा, त्यातून चांदणं थेट जमिनीवर. शिवाय जानेवारीत नायक पळतो तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ निघते. ती वाफ दिसावी म्हणून आम्ही मुद्दाम मागून लाइट मारला होता, फार खूश होतो त्या शॉटवर. आता तोच माणूस, त्याच मिनिटाला, बोडक्या बागेत घामानं निथळत पळणार.

डेकोरेशनवाल्याकडून प्लास्टिकची पानं आणि घड आणून मांडवाला बांधले. लाइट पडल्याबरोबर मला तिथे रिसेप्शनचं स्टेजच दिसायला लागलं. खोटं नाही सांगत, तसलेच घड मी शेकडो नवरा-नवरींच्या मागे टिपलेत. शेवटी कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणला. पाय, माती, काळोख. दुसऱ्या भागातला अख्खा पाठलाग पायांचा आहे, आणि बघणाऱ्यांनी त्याला 'वेगळी ट्रीटमेंट' म्हटलं.

मोठ्यांचंही असंच चालतं. तोच पहिला 'हॅलोविन' घ्या. गोष्ट इलिनॉयमधली, ऑक्टोबरअखेरची. शूटिंग कॅलिफोर्नियात, वसंतात, झाडं हिरवीगार. मग पानगळ दाखवायला रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या शॉटला परत पसरायची. इतकं करून मागे कुठेकुठे पामची झाडं दिसतातच. दुसऱ्या भागात तर तीन वर्षांपूर्वीची रात्र परत आणायची होती. नायिका जेमी ली कर्टिसचे केस तोवर आखूड झाले होते, म्हणून तिला विग. खुन्याचा मुखवटा तोच, दोन डॉलरच्या आत आणलेला आणि पांढरा रंग मारलेला. पण तो तीन वर्षांत जुना झालेला आणि आतलं डोकं दुसऱ्याच माणसाचं. त्यामुळे मुखवटा असूनही चेहरा बदलल्यासारखा वाटतो.

विग आम्हालाही लागला. शूटिंगच्या तीनेक आठवडे आधी आमच्या नायकाचे वडील गेले. रामकुंडावर दशक्रिया झाली, त्यानं मुंडन केलं. मी तिथे उभा होतो, आणि लाज वाटते सांगायला, पण वस्तरा फिरताना माझ्या डोक्यात सीन नंबर नऊ आला. त्याला कोण काय बोलणार? आठवड्यानं त्याचाच फोन आला, "तारीख पुढे ढकलू नका, मला कामात राहू द्या." मेनरोडच्या बाजूला गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं देणारं दुकान आहे, तिथे एकच विग शिल्लक होता, मावळ्याचा. तो कापून कापून माणसात आणला. डिपॉझिट अर्थातच गेलं. नंतर कधीतरी मी त्याला 'फ्रायडे द थर्टीन्थ'ची गंमत सांगितली. त्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी खुनी जेसनचा चेहरा उघडा पडतो तेव्हा त्याला लांब केस आहेत. तिसरा भाग (१९८२) गोष्टीत लगेच पुढच्या दिवशी सुरू होतो आणि त्यात त्याला टक्कल. आमचा नायक म्हणाला, "तोपण रामकुंडावर जाऊन आला असेल."

शर्टाचं थोडक्यात सांगतो. पहिल्या भागातला रक्तानं माखलेला शर्ट जपून ठेवायचा होता. साखरेचा पाक, खाण्याचा लाल रंग आणि थोडी कॉफी असं आमचं रक्त. नायकाच्या घरी पिशवीला मुंग्या लागल्या, त्याच्या आईनं शर्ट धुतला आणि वर इस्त्री करून ठेवला. फिकट गुलाबी डाग तेवढे राहिले. फोटो बघून त्यावर परत रक्त चढवलं. छातीवरचा डाग पहिल्या भागात साधारण महाराष्ट्राच्या नकाशासारखा होता, दुसऱ्या भागात गुजरात झाला.

आता जखमेचं, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे.

नायकाच्या डाव्या गालावर भुताचे तीन ओरखडे. मेकअप करणाऱ्या मुलाकडे संदर्भ म्हणून नायकानंच पाठवलेला सेल्फी होता. बऱ्याच मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो साठवतो, हे त्या रात्री कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, आणि माझा धंदा काय तर फोटोचा. ओरखडे उजव्या गालावर चढले. माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि अकरा शॉट झाले होते. वाडा पहाटे पाचला रिकामा करून द्यायचा होता, जनरेटर सहाला परत. मी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "आता उरलेत किती?"

"सात."

"मग तेपण उजव्याच गालावर घे. निदान आपसात जुळतील."

हा निर्णय बाहेरच्याला बेफिकिरी वाटेल. तिथे उभं राहिलं की त्यात बेफिकिरी कुठेच दिसत नाही, नुसता हिशोब दिसतो. परत अकरा शॉट घ्यायचे म्हणजे आणखी एक रात्र, भाडं, जेवण, आणि ज्या मुलाच्या घरी सुतक नुकतंच फिटलंय त्याच्याकडून परत ते रडणं काढून घ्यायचं. ते रडणं परत आलं नसतं.

एडिटला मी हुशारी केली. म्हटलं, शॉट आडवे उलटवून टाकू, म्हणजे उजवा गाल डावा होईल. झाला. पण शर्टाची बटणपट्टी फिरली, बायकांच्या शर्टासारखी. चालेल म्हटलं, अंधार आहे. मग दाराचा शॉट आला, आणि दारावर 'शुभ लाभ' लिहिलेलं. ते उलटं झालं. दिग्दर्शक म्हणाला, "ठेव, भूत आहे, सगळं उलटंच असणार." पण शेवटी आम्ही तो एक शॉट सोडून बाकीचे उलटवले. म्हणजे आता एका सीनमध्ये ओरखडे डाव्या गालावर, मध्येच तीन सेकंद उजव्या, परत डाव्या. तीन सेकंदांत तो 'आई' म्हणून हाक मारतो. दुसरा टेक होता, त्यात गाल काळोखात होता, चूक दिसली नसती. पण त्यात हाक खोटी वाटत होती. कुठला ठेवला असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

'अपोकॅलिप्स नाऊ'च्या एडिटरांपैकी एक, वॉल्टर मर्च, यानं कट कुठे मारायचा याचे सहा निकष टक्केवारी लावून दिलेत. भावना ५१ टक्के, गोष्ट २३, लय १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे त्याला ७, पडद्याच्या सपाट चौकटीला ५, आणि प्रत्यक्ष जागेत कोण कुठे उभं आहे त्याला ४. ज्या सलगतेसाठी आपण चुका काढतो ती बहुतेक या शेवटच्या चार टक्क्यांत बसते. माझ्या मते सातवी गोळी एडिटच्या टेबलावर जन्मली. पहिल्या भागाचा शेवट नव्यानं जुळवताना मध्ये नवे शॉट आले, आणि कट बदलला की धमाक्याची जागाही बदलते. एडिट करणारा त्या वेळी ठेका ऐकत असतो, गोळ्या नाही मोजत.

आणि आपणही मोजत नाही, पहिल्यांदा बघताना तर नाहीच. डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली एक प्रयोग छापला. दोन बायका टेबलाशी गप्पा मारतायत अशी छोटी फिल्म, त्यात मुद्दाम नऊ चुका: गळ्यातला स्कार्फ गायब, लाल प्लेटा पांढऱ्या, असं. दहा जणांना दाखवली, त्यातल्या एकालाच काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. चुका आहेत असं आधी सांगूनही लोकांना सरासरी दोनच सापडल्या.

आमच्या नाशकात राहून गेलेल्या दादासाहेब फाळक्यांनी तर १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही कामं एकाच माणसाला दिली, अण्णा साळुंक्यांना. सीतेचे दंड बारकाईनं बघितले तर पैलवानी दिसायचे. लोकांनी मात्र राम पडद्यावर आला की पायातले जोडे काढले, असं सांगतात.

एक मात्र वेगळं काढा. सगळंच सेटवरच्या गोंधळात मोडत नाही. लहानपणी तळ्यात बुडून मेलेला जेसन दुसऱ्या भागात बाप्या होऊन जिवंत फिरतो, ती गफलत नाही. पहिला भाग चालला, दुसरा हवा झाला, आणि पहिल्यातली खुनी, म्हणजे जेसनची आई, तर पहिल्यातच मेलेली. 'ईव्हिल डेड २' (१९८७) मध्ये पहिल्या भागाची गोष्ट सुरुवातीला वेगळ्याच तऱ्हेनं घडते, नायकाच्या मैत्रिणीची नटीही दुसरी, कारण पहिल्या भागाचे शॉट वापरायचे हक्क मिळाले नव्हते. पाचव्या 'हॅलोविन'मध्ये (१९८९) खुन्याच्या साध्या घराची एकदम हवेली होते, ते मात्र मला आजही पटत नाही. विगचं समजू शकतो, गोळीचं समजू शकतो, पण घर?

या सगळ्यात शहाणपणा केला तो आपल्या महेश कोठाऱ्यांनी. 'झपाटलेला' १९९३ चा, 'झपाटलेला २' २०१३ चा, आणि गोष्ट पुढच्या पिढीची, लक्ष्याच्या मुलाची. तीच रात्र नाही, तेच केस नाहीत, शर्ट जपायची भानगड नाही. आणि खलनायक बाहुला. बाहुल्याला वय नसतं, मुंडन नसतं, तो तात्या विंचू म्हणून पेटीतून काढला की तसाच.

आमची फिल्म कॉलेज रोडच्या एका छोट्या हॉलमध्ये पन्नासेक जणांना दाखवली. ओरखड्यांचं एकानंही विचारलं नाही. गुजरातबद्दलही नाही. मागच्या रांगेतल्या एक आजी तेवढ्या बाहेर पडताना नायकाच्या आईला म्हणाल्या, "शर्टाला इस्त्री छान होती हो."

दिग्दर्शकानं आता तिसरा भाग लिहिलाय. पहिली ओळ वाचून दाखवली: 'तीच रात्र. वाडा.' वाडा गेल्या पावसाळ्यात उतरवला, तिथे आता पार्किंगसाठी खड्डा खणलाय. मी त्याला म्हटलं, वीस वर्षं थांब.