कार्ल फ्रिस्टन यांचा एच-इंडेक्स (किती पेपरांना प्रत्येकी निदान तितकेच संदर्भ मिळाले, तो आकडा) एवढा प्रचंड कसा? ते खरंच सर्वांत प्रभावी मेंदूशास्त्रज्ञ आहेत का?

कारण त्यांनी अवजार बनवलं आणि फुकट वाटलं.

मूळचा मानसोपचारतज्ज्ञ माणूस. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात मेंदूच्या पेट (PET) स्कॅनच्या डेटाचं विश्लेषण करायला एसपीएम हे सॉफ्टवेअर लिहिलं, पुढे एफएमआरआयवाले (मेंदू काम करताना त्यातला रक्तप्रवाह टिपणारे) सगळे त्यावर आले. एसपीएम वापरलं की फ्रिस्टन यांना साइट करायचं, म्हणजे पेपरात त्यांचा संदर्भ द्यायचा, हा रिवाजच. २००० मध्ये सहकारी ॲशबर्नर यांच्यासोबत व्हीबीएम (स्कॅनवरून मेंदूच्या भागांच्या रचनेतला फरक मोजायची पद्धत), २००३ मध्ये डीसीएम (मेंदूचे भाग एकमेकांवर कसा परिणाम करतात ते काढायची पद्धत), प्रत्येकाचे संदर्भ वेगळे. एच-इंडेक्स २०० च्या वर जाणार नाही तर काय! २०१६ मध्ये सिमँटिक स्कॉलर या संशोधन शोधायच्या संकेतस्थळाच्या क्रमवारीत प्रभावी मेंदूशास्त्रज्ञांत पहिलं नाव त्यांचंच होतं.

थोडक्यात, यादीत सगळ्यांत वर बसलेला माणूस हा ॲनालिसिसवाला आहे. हे मला आमच्या सरांना एकदा ऐकवायचं होतं.

मी एका नावाजलेल्या संस्थेत एफएमआरआयचा डेटा सांभाळायचे. रीअलाइन, नॉर्मलाइज, स्मूद या डेटा तयार करायच्या पायऱ्या, हलणाऱ्या डोक्यांचे आलेख बघत बसणं, रात्री मॅटलॅबची (एसपीएम ज्यावर चालतं त्या सॉफ्टवेअरची) लायसन्स मोकळी झाली की बॅच लावणं. स्कॅनच्या आधी प्रत्येक व्हॉलंटियरच्या उजव्या कानशिलावर मी व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवायचे. स्कॅनमध्ये ती पांढरी चमकते, उजवी बाजू कुठली ते कळतं. सर हसायचे. "ब्यूटी पार्लर उघडलंय का?"

भाषेच्या टास्कचे निकाल आले आणि लॅबमध्ये आनंदीआनंद. नेहमी डावीकडे दिसणारं भाषेचं केंद्र आमच्या एका गटात चक्क उजवीकडे! सरांनी पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवलं. मी मूळ इमेजेस उघडल्या, तर कॅप्सूल डाव्या कानशिलावर. त्या गटाचा डेटा जुन्या ॲनालाइझ फॉरमॅटमध्ये बदलला होता, आणि त्या फॉरमॅटमध्ये डावं-उजवं कुठलं याची भरवशाची नोंद नसते. अख्खा गट आरशातल्यासारखा उलटा झाला होता. सुलटा केल्यावर 'शोध' गेला, पण त्याखाली एक साधा आणि खरा निकाल सापडला. पेपर त्याच्यावर निघाला.

लेखकांत मी नाही. शेवटी 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार'. त्याच पेपरच्या संदर्भयादीत फ्रिस्टन तीनदा. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "अगं, बटणं दाबणं म्हणजे संशोधन नव्हे." मग फ्रिस्टन यांनी बटणं बनवली ते काय होतं, सर? लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसवरचा (मेंदूतल्या स्मृतीच्या भागावरचा) मॅग्वायर यांचा २००० चा पेपर उघडून बघा. त्यात व्हीबीएम वापरलंय, आणि ॲशबर्नर यांचं नाव लेखकांत आहे. तिकडे पद्धत सांभाळणाऱ्याला लेखक म्हणतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. नुसत्या आकड्यावरून प्रभाव मोजणारे लोक मला आळशी वाटतात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी सर्जन स्कोव्हिल यांच्याबरोबर १९५७ मध्ये मुख्यतः एच. एम. या, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नवं काही लक्षात न राहणाऱ्या, एका रुग्णावर पेपर लिहिला आणि स्मृतीबद्दलचा सगळा विचार बदलला. तसा बदल फ्रिस्टन यांच्या कुठल्या एका पेपरनं झाला, असं मी म्हणणार नाही. फ्री एनर्जी प्रिन्सिपल (मेंदू सतत अंदाज बांधून अनपेक्षितपणा कमी करतो, हा त्यांचा सिद्धांत) यावर त्यांना भरपूर साइट करतात, पण ते खोटं ठरवता येईल अशी कसोटी कोणती, यावर भांडण चालूच आहे. आणि हो, २०१६ मध्येच एकलुंड, निकोल्स आणि नुटसन यांनी दाखवलं की एसपीएमसह नेहमीच्या तिन्ही पॅकेजेसमध्ये क्लस्टरचं (स्कॅनमध्ये एकत्र उजळलेल्या ठिपक्यांच्या पुंजक्याचं) गणित काही सेटिंग्जना भलतंच सैल पडतं. ५ टक्के अपेक्षित तिथे चुकीचे सकारात्मक निकाल ७० टक्क्यांपर्यंत. तेव्हा माझी बाजू घेताना हेही लक्षात ठेवा.

तुम्ही पीएचडीच्या विचारात असाल तर गाइडचा एच-इंडेक्स बघू नका, त्यांच्या पेपरांचे आभार वाचा. तीच तीच नावं वर्षानुवर्षं तिथेच दिसत असतील तर ती लॅब सोडा. बऱ्याच जर्नलांत आता कोणी काय केलं ते छापतात, सॉफ्टवेअर आणि डेटा ॲनालिसिस यांना त्यात वेगळे रकाने आहेत. पहिल्या स्कॅनच्या आधीच लेखकांची यादी विचारा. "बघू नंतर" असं उत्तर आलं तर तेही ईमेलवर घ्या.