परदेशात शिकायला गेल्याने माणूस म्हणून खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की, मुलगी बडोद्याहून एम.एस.साठी जर्मनीला निघाली आहे, डिग्री तर मिळेलच, पण तिच्या स्वभावात, वागण्यात काही फरक पडेल का. मी बडोद्याचीच. इथल्या कलाभवनातून, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल केलं, मग मास्टर्सला जर्मनीत ड्रेस्डेनला गेले आणि आता परत इथे नोकरी करते. माझ्या अनुभवाने सांगते, फरक पडतो आणि चांगलाच पडतो. स्वयंपाक, कपडे, पैशांचा हिशोब हे तर पुण्यात होस्टेलवर राहूनही येतं, त्यासाठी जर्मनी नको. मला घडवलं ते तिथे कुणाचीच ओळख नसण्याने.

आमचं घर दांडिया बाजारात. बँकेत काम असलं की बाबांचे मित्र, युनिव्हर्सिटीत काही अडलं की आत्याचे यजमान. रावपुऱ्यात खरेदीला गेलं तरी कोणीतरी विचारतंच, "तू अमक्यांची ना गं?" या मायेवरच मी वाढले. पण त्यामुळे आपलं म्हणणं अनोळखी माणसापुढे स्वतः मांडायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

जर्मनीत ती वेळ लगेच येते. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं पत्र लागतं, आणि ते आपणच मागायचं. प्रत्येक विषयाच्या परीक्षेची नोंदणीही मुदतीत आपणच करायची.

एक प्रसंग सांगते. जर्मनीत 1.0 हा सर्वांत चांगला ग्रेड आणि 4.0 म्हणजे काठावर पास. उष्णतेच्या वहनाच्या पेपरात मला 4.0 मिळाला. निकालानंतर तपासलेला पेपर बघायला बोलावतात. एका खोलीत बाकांवर पेपर मांडलेले, समोर प्राध्यापकांचे सहायक बसलेले. एका गणितात मी वेगळ्या रीतीने उत्तर काढलं होतं आणि तिथे गुण कापले होते. मी मोडक्या जर्मनमध्ये सुरुवात केली, मग इंग्रजीवर आले. ते पेन्सिल घेऊन माझ्या पायऱ्या एकेक करत खाली आले, मध्ये थांबून दोन प्रश्न विचारले आणि तिथले गुण वाढवले. पुढच्या गणिताबद्दलही मी विचारलं, तिथे माझं गृहीतकच का चुकतं ते त्यांनी शांतपणे दाखवलं. मी कुणाची कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. त्या खोलीतून बाहेर पडताना मला जो आत्मविश्वास वाटला, तो कुठल्याही बक्षिसाने वाटला नव्हता.

खोली शोधतानाही असंच. तिथली मुलंमुली मिळून फ्लॅट घेतात आणि नवा भाडेकरू निवडताना त्याला स्वयंपाकघरात बसवून गप्पा मारतात. आवडलात तर खोली तुमची. मला बरेच नकार आले, काहींनी तर कळवलंही नाही. दारात उभं राहून आपण लोकांना पटतो की नाही याची वाट बघणं फार जड जातं. पण ते मी अनुभवलं हे बरंच झालं, कारण त्यानंतर मला आपलं बडोदं वेगळं दिसायला लागलं.

बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. 1917 साली ते संस्थानच्या नोकरीसाठी आले तेव्हा या शहरात त्यांना कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं, कमाटीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि मुंबईची गाडी धरली. मला आलेले नकार याच्या जवळपासही नाहीत. तरी परतल्यावर हे वाचताना मला आमच्या घराची वरची खोली आठवली. ती आम्ही विद्यार्थ्यांना भाड्याने देतो आणि दलाल पहिल्यांदा आडनाव सांगतो. मी बाबांशी बोलले. वाद झाला, आई मध्ये पडली, पण आता आम्ही आडनाव विचारत नाही. माझ्यातला सर्वांत मोठा फरक मी हाच मानते.

खर्चाचं थोडक्यात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, पण व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैसे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात. 2024 पासून विद्यार्थ्यांना वर्षात 140 पूर्ण दिवस काम करता येतं. जर्मन मात्र इथूनच शिकवून पाठवा. घरात मराठी आणि दारात गुजराती बोलत वाढलेल्या मुलांना तिसरी-चौथी भाषा बोलायची भीड कमी असते, असं मला वाटतं.

डिसेंबरात तिथे चारलाच अंधारतं, त्या दिवसांत तिचे फोन रडवेले येतील. तेव्हा तिला भरपूर वेळ द्या, सगळं ऐकून घ्या. पण कुणाच्या भाच्याचा नंबर काढून इथून तिची कामं करून देऊ नका. फॉर्म, पत्र, घरमालकाशी बोलणं, सगळं तिचं तिलाच करू द्या. पहिले सहा महिने तुम्हाला हे कठीण जाईल, माझ्या आईला फार कठीण गेलं होतं.