चांगला दिवसच घात करतो

"व्यायाम केला की दुखतं, नाही केला की आखडतं. करू तरी काय?" महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी हे विचारतंच. शिवाजी पेठेतल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वय चाळिशीचं, निदान फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा, थकव्याचा आजार. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. घरात मामंजी जुने पैलवान. त्यांचं एकच, "घाम गाळल्याबिगर अंग मोकळं हुतंय व्हय?"

मी त्यांना पंधरा दिवस वही लिहायला लावली. सोमवार: बरं वाटलं, रंकाळ्याला मोठी फेरी, येताना भाजी, मग माळा आवरला. मंगळवार ठीक. बुधवार, गुरुवार अंथरुणात. शनिवारी बरं वाटल्याबरोबर परत फेरी, राहिलेलं भरून काढायला!

बुधवारच्या नोंदीपाशी मी थबकले. फायब्रोमायाल्जियात हळूहळू वाढवलेला व्यायाम उपयोगी पडतो. पण एमई/सीएफएस या थकव्याच्या आजारात थोड्या श्रमानंतरही एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो, आणि तिथं ठरल्याप्रमाणे व्यायाम वाढवत नेणं घातक ठरू शकतं. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेनं 2021 मध्ये तसा व्यायाम वाढवण्याचा सल्ला मागे घेतला. हा फरक ठरवणं माझं काम नव्हे. वही घेऊन त्यांना परत डॉक्टरांकडं धाडलं. तपासून त्यांनी निदान तेच ठेवलं, तेव्हाच पुढं गेलो.

फिजिओथेरपिस्टनी वाईट दिवशीही झेपेल एवढंच चालायला सांगितलं. ते निघालं सहा मिनिटं. वाढवायचं ते दोन आठवडे सुरळीत गेल्यावर, एखादंच मिनिट. त्रास वाढला तर मागं यायचं.

"सहा मिनिटांसाठी रंकाळ्यावर कोण जातं? लोक हसतील की!" खरी अडचण ही होती. दोन बैठका यातच गेल्या.

मग मामंजींना बोलावलं. विचारलं, "मोठ्या कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी वस्ताद जोर काढायला लावायचे?"

"छ्या! अंग रगडून झोपवायचे."

"मग वहिनींची कुस्ती रोजच असते." म्हातारबुवा गप्प झाले. पटलं असं काही म्हणाले नाहीत, पण टोमणे कमी झाले.

दोन महिन्यांनी वहीत होतं: "रविवार. अंग एकदम हलकं. तरी आठ मिनिटांत परत. मामंजी म्हणाले, एवढ्यातच? मी म्हटलं, व्हय."