ग्रहणात आजी जेवू नको का म्हणते?

प्रिय चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली ग्रहणात काही खायचं नाही आणि वर बघायचं नाही, आणि तू फोन ठेवल्याठेवल्या मला विचारलंस की राहू खरंच सूर्य गिळतो का. तेव्हा कणिक मळत होते म्हणून आता लिहितेय.

गोष्ट अशी की राहू अमृतासाठी देवांच्या पंगतीत गुपचूप बसला, सूर्य-चंद्रांनी चहाडी केली, विष्णूने मुंडकं उडवलं, तेव्हापासून त्याचा दोघांवर राग. पण गळाच कापलेला, त्यामुळे गिळलेला सूर्य खालून बाहेर! मला लहानपणी हे फारच पटायचं. आर्यभटाने मात्र इ.स. ४९९ च्या सुमारासच लिहून ठेवलंय की सूर्याला चंद्र झाकतो. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला साधारण ५ अंश तिरकी आहे, त्या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंना आपले ज्योतिषी राहू-केतू म्हणतात, आणि अमावस्या त्यांच्याजवळ पडली तरच सूर्यग्रहण, म्हणून ते दर महिन्याला होत नाही. म्हणजे राहू अगदीच खोटा नाही बघ.

१९९५ ला सांगलीत आजीने खिडक्या लावल्या, पाण्यावर तुळशीपत्र ठेवलं, रस्त्यावर "दे दान, सुटे गिराण" चाललेलं, आणि मी गच्चीवर जाऊन एक्स-रे फिल्ममधून सूर्य बघितला. मूर्खपणा होता तो! डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही, जळला तरी समजत नाही. तेव्हा वर बघू नको हे आजीचं बरोबरच आहे, फक्त ग्रहणाच्या चष्म्यातून चालतं, साध्या गॉगलमधून नाही. न खाण्याचं मात्र मनावर घेऊ नकोस, डबा संपव.

उद्या ८ एप्रिल २०२४ ला इथे डॅलसमध्ये दुपारी १.४० च्या सुमारास खग्रास लागेल, पावणेचार मिनिटांच्या आसपास. पूर्ण काळोख झाला की तेवढ्यापुरता चष्मा काढायचा, हिऱ्याच्या अंगठीसारखं चमकलं की लगेच परत घालायचा. त्याआधी पुऱ्यांचा झारा उन्हात धर, खाली पांढरा कागद ठेव, प्रत्येक भोकाची एक छोटी चंद्रकोर पडेल. झारा हरवू नकोस मात्र, परवा पाडवा आहे, श्रीखंड-पुरी करायचीय.

आणि आजीला सांग, तुझ्याकडे तेव्हा मध्यरात्र, तिथे दिसणारच नाही, तू खुशाल जेव.

तुझी आई