पैसे जमा झाले, पण नेट चालू झालं का?

प्रश्न: नमस्कार सर, मी कुडाळ तालुक्यात फायबरचं इंटरनेट देतो. आधी वडलांचा केबलचा धंदा होता, आता ६४० कनेक्शन आहेत, लायसन्स सी कॅटेगरीचं, म्हणजे छोट्या भागापुरतं आहे. हिशोब सगळा एक्सेलमध्ये नाहीतर कलेक्शनच्या दोन पोरांच्या वहीत, आणि मायक्रोटिकमध्ये, म्हणजे सगळी कनेक्शन ज्यातून जातात त्या आमच्या मुख्य राउटरमध्ये, युजर हातानेच बंद-चालू करतो. दर महिन्याची पहिली पाच तारीख उजाडेपर्यंत डोकं फिरलेलं असतं. दोन कंपन्यांनी बिलिंग सॉफ्टवेअरचा डेमो दिला. एक क्लाउडवर आहे, दर कनेक्शनमागे महिन्याला पैसे घेणार. दुसरी एकदाच पैसे घेऊन लाइफटाइम देणार म्हणते. फीचर दोघांकडेही सगळे आहेत असं सांगतात. कुठलं घेऊ?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: दादा, फीचरची यादी दोघांची सारखीच निघणार, त्यामुळे ती बाजूला ठेवा आणि दोघांनाही तुमच्या स्वतःच्या राउटरवर एकच गोष्ट करून दाखवायला सांगा. एक कस्टमर एक्स्पायर करायचा, त्याच्या घरचा राउटर चालूच ठेवायचा, मग त्याच्या मोबाइलवरून यूपीआयने पैसे भरायचे आणि कुणी कशालाही हात न लावता नेट किती वेळात येतं ते घड्याळ लावून बघायचं. आपल्या धंद्यात बिलिंग म्हणजे हेच, पैसे आले की नेट चालू झालं पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागून.

यात अडकतं कुठे ते सांगतो. कस्टमरचा राउटर पीपीपीओईने, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन, लॉगिन करतो तेव्हा मायक्रोटिक रेडियस सर्व्हरला (कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा, बिलिंग सॉफ्टवेअरसोबत चालणारा सर्व्हर) विचारतो, ह्याला आत घेऊ का? प्लॅन संपलेला असेल तर बरीच सॉफ्टवेअर त्याला आत घेतात पण ‘रिचार्ज करा’ वाल्या पानावर अडकवून ठेवतात. पैसे भरल्यावर सॉफ्टवेअरने उलट मायक्रोटिकला निरोप द्यायला लागतो की ह्याचं जुनं सेशन (चालू जोडणी) तोड आणि नव्याने घे. हा निरोप साधारण ३७९९ पोर्टवर येतो, आणि सर्व्हर क्लाउडवर, तुमच्याकडे स्टॅटिक पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा, न बदलणारा इंटरनेटचा पत्ता) नाही, मधे टनेलपण (दोघांमधली खासगी वाट) टाकलेला नाही, असं असेल तर तो पोचतच नाही. मग सॉफ्टवेअरच्या पॅनेलमध्ये कस्टमर हिरवा, म्हणजे चालू दिसतो, घरी नेट बंद, आणि रात्री साडेनऊला एखाद्या आजोबांना फोनवर समजावत बसायचं की राउटरचं बटण बंद करून चालू करा. हे मी वर्षभर केलंय, म्हणून पहिल्यांदा हेच तपासा म्हणतोय.

दुसरी परीक्षा तुमच्या पोरांच्या हातात द्या. सेल्सवाले ऑफिसमधल्या लॅपटॉपवर सगळं छान दाखवतात, पण आपली निम्मी वसुली वाडीवर, अंगणात उभं राहून, रोखीत होते आणि तिथे मोबाइलला रेंज असेलच असं नाही. रेंज नसताना ॲपमध्ये पावती फाडता येते का, आणि रेंजमध्ये आल्यावर ती आपोआप चढते का, की एकाच घराच्या दोन पावत्या होतात? संध्याकाळी पोरगा परत आला की त्याच्याकडची रोख आणि ॲपमधली रक्कम एका स्क्रीनवर जुळली पाहिजे. आणि पावती कुणालाच डिलीट करता येता कामा नये, अगदी तुम्हालाही नाही, फक्त कारण लिहून रद्द करता आली पाहिजे. पोरांवर संशय घ्या असं मी म्हणत नाहीये, उलट महिनाअखेरीला ४०० रुपये कमी पडले की चांगल्या पोरावर उगाच आळ येतो, तो येऊ नये म्हणून हे.

मग आपल्याकडची खास अडचण, चाकरमानी. गणपतीला, मे महिन्यात घर भरतं, बाकी वर्षभर कुलूप, आणि त्यांचं म्हणणं आम्ही बारा महिन्यांचे पैसे का भरू. कनेक्शन होल्डवर ठेवून उरलेले दिवस पुढे ढकलता येतात का, होल्डचं छोटं भाडं लावता येतं का, हे दोघांनाही विचारा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये चालू किंवा बंद एवढंच असतं, मग आपण कस्टमर डिलीट करून गणपतीत परत नवीन बनवतो आणि त्याचा जुना हिशोब गायब.

डेटा लिमिटचे प्लॅन विकत असाल तर अजून एक बारीक गोष्ट. रेडियसमधला वापराचा साधा काउंटर ३२ बिटचा, म्हणजे सुमारे ४ जीबी झाले की परत शून्यावर येतो, आणि किती वेळा फिरला ते गिगावर्ड्स नावाच्या वेगळ्या खात्यात येतं. सॉफ्टवेअर ते वाचत नसेल तर १० जीबी वापरलेला माणूस दोनच जीबीवर दिसतो. एखादी मोठी फाइल डाउनलोड करून आकडा जुळतो का बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

जीएसटीचं फार ताणत नाही. १८ टक्के, म्हणजे ५०० च्या प्लॅनवर ९० धरून ५९०, बिलावर सीजीएसटी एसजीएसटी ९-९ वेगळे. हॉटेलवाले, पतसंस्था यांचा जीएसटी नंबर बिलावर आला पाहिजे नाहीतर ते दर महिन्याला बिल बदलून मागतात. वर्षाचे पैसे आगाऊ घेतले की त्यावरचा सगळा टॅक्स तेव्हाच भरायचा असतो, महिन्यामहिन्याला वाटून नाही, तेव्हा सॉफ्टवेअर तो नीट दाखवतं का हे तुमच्या सीएंना डेमोला बसवूनच बघा. एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर (कंपन्यांच्या एसएमएसची नोंदणी होते ते पोर्टल) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा मजकूर, मंजूर करून घ्यायला लागतात, ते कोण करून देणार हेही आत्ताच ठरवा.

लॉगचं मात्र हलक्यात घेऊ नका. डिसेंबर २०२१ पासून लायसन्सच्या अटीप्रमाणे कोण कधी कुठल्या आयपीवर होता याचा रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायला लागतो. तुमचे ६४० कस्टमर थोड्याशाच पब्लिक आयपीमागे नॅट होऊन जात असणार, म्हणजे बऱ्याच जणांचा बाहेर एकच आयपी दिसणार आणि फरक फक्त पोर्ट नंबरचा, मग पोलिसांचं पत्र आलं की अमुक आयपी, अमुक पोर्ट, अमुक वेळेला कोण, तर नुसत्या लॉगिनच्या नोंदीवरून उत्तर देताच येत नाही, नॅटचा लॉग वेगळा लागतो. सेल्सवाला ‘लॉग आहे’ म्हणाला की विचारा कुठला लॉग, लॉगिनचा की नॅटचा, डिस्क कुणाची, आणि कालच्या संध्याकाळचं एक पोर्ट देऊन नाव शोधून दाखवा. राउटरचं घड्याळ चुकलं असेल तर चुकीच्या माणसाच्या दारात पोलिस जातील, तेव्हा ते एनटीपीला (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणारी सोय) जोडलेलं आहे का हेही बघा.

आता क्लाउड की लाइफटाइम. कर आणि लायसन्सचे नियम सारखे बदलतात, एकदाच पैसे घेतलेली कंपनी ते बदल पुढे कशातून करणार हा प्रश्न आहे, म्हणून माझा कौल महिन्याच्या पैशांकडे. पण एक अट घाला, पॅनेल त्यांच्या क्लाउडवर असू दे, रेडियसचा एक सर्व्हर तुमच्या ऑफिसात बसला पाहिजे. कारण क्लाउड बंद पडला तरी चालू सेशन चालत राहतात, पण पावसात लाइट गेली आणि आली की सगळे राउटर एकदम लॉगिन मागतात, आणि उत्तर द्यायला कुणी नसेल तर नेट असूनही गाव बंद. फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हर आणि त्यावर डॅलोरेडियस हे पॅनेल फुकट मिळतं, पण घरात लिनक्स जाणणारं माणूस असेल तरच, आणि यूपीआय, जीएसटी, पावती हे सगळं वरून जोडायला लागतं.

सही करायच्या आधी शेवटचं विचारा, उद्या तुम्हाला सोडायचं झालं तर माझे पीपीपीओई पासवर्ड मला मिळणार का? माझं पहिलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी काम बंद केलं, कस्टमरची नावं नंबर एक्सेलमध्ये दिले, पासवर्ड नाही दिले. म्हणजे घरोघर जाऊन प्रत्येक राउटरमध्ये नवीन पासवर्ड टाकणं आलं, तेही जुलैमध्ये. शेवटी एका मित्राने वाट दाखवली, मायक्रोटिकवर लॉगिनची पद्धत फक्त पॅप ठेवली, आपला नवीन फ्रीरेडियस लावला आणि येणारे पासवर्ड त्याच्या लॉगमध्ये उतरवून घेतले, पॅपमध्ये ते सर्व्हरला उघडे मिळतात. बरेचसे असे मिळाले, जे राउटर पॅपला तयारच नव्हते त्यांच्या घरी जावंच लागलं, आणि काम झाल्यावर तो लॉग पुसून टाकला. तुमच्यावर ही पाळी नको, पासवर्डसकट पूर्ण डेटा दर महिन्याला काढून द्यायचा हे करारातच लिहून घ्या.

आणि एकदम ६४० हलवू नका. एका वाडीची चाळीसेक कनेक्शन घ्या, दोन महिने चालवा, गणपती होऊ द्यात, मग बाकीची.

प्रश्न: मी सोलापुरात मोठ्या कंपनीची फ्रँचायझी चालवतो, पॅनेल त्यांचंच आहे. मला वेगळं सॉफ्टवेअर लागेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: रेडियस वगैरे नको, ते कंपनी बघते. पण कुठल्या खांबावरचा डबा, कितव्या स्प्लिटरचं (एक फायबर अनेक घरांना वाटणारा भाग) कितवं पोर्ट, ओएनयूचा (घरातला फायबरचा डबा) सिरियल नंबर, डिपॉझिट किती, उधारी किती, हे त्यांच्या पॅनेलमध्ये बहुतेक नसतंच आणि फायबर तुटली की नेमकं तेच लागतं. साधं ग्राहक नोंदीचं ॲप किंवा नीट आखलेली गुगल शीट पुरते. फक्त लोकांच्या आधारचे फोटो लाइनमनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत असाल तर ते आजच थांबवा, केवायसीचे कागद एका ठिकाणी कुलपात ठेवा आणि ग्रुपवर नुसता कस्टमर नंबर आणि पत्ता जाऊ द्या.